मशीनला घरी कोण आणणार

आमच्या शेडमध्ये ‘घरी’ हा शब्द दिवसभर चालायचा आणि तो माणसांसाठी नसायचा. घरी जायचं ते मशीन. लातूरच्या एमआयडीसीत, अगदी मागच्या रस्त्याला, आमचं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात मी अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड, नावाच्या पाट्या आणि बक्षिसाच्या ट्रॉफ्या बनवायचे. काम करायचं ते सीएनसी मशीन. म्हणजे एक मोठं सपाट टेबल, त्यावर शीट आवळून ठेवायची, आणि वरून एक हेड मागंपुढं, डावीउजवीकडं धावतं. हेडच्या टोकाला गरगर फिरणारं टूल. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडून दिली की टूल ती शीटमधून कापून काढतं. टेबलाच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात हेडची मुक्कामाची जागा असते. कंपनीची माणसं तिला ‘होम’ म्हणतात. माझ्या वडलांनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘घर’ करून टाकलं आणि मग आमच्याकडं तेच रुळलं.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. शेड मूळचं त्यांचं. त्यात त्यांचं लेथ होतं. विहिरीवरच्या मोटारींचे शाफ्ट, डाळमिलचे रोलर, असलं काम ते करायचे. मी एकुलती एक, लग्नानंतरही लातुरातच राहिले, आणि आई-दादा आमच्याच घरी राहायला आले. नवरा अहमदपूरला शाळेवर, रोज यष्टीनं जाऊन-येऊन. मी डीटीपी शिकले होते, ते वाया जायला नको म्हणून शेडच्या एका कोपऱ्यात स्टिकर कापायला बसले. तेवढ्यात लातुरात क्लासचं पेव फुटलं.

बाहेरगावच्या मुलांनी शहर भरून गेलं. लोकांनी आपापल्या घरांवर मजले चढवून खोल्या काढल्या, गल्लोगल्ली मेस निघाल्या, आणि दर कोपऱ्यावर कुठल्या तरी सरांचा हाताची घडी घातलेला फोटो लागला. प्रत्येक सरांना बोर्ड हवा, आणि तो समोरच्या सरांच्या बोर्डापेक्षा मोठा हवा. फिजिक्सच्या आणि केमिस्ट्रीच्या सरांचं बिनसलं की एका क्लासचे दोन व्हायचे आणि आमच्याकडं दोन ऑर्डरी यायच्या. त्यांनी भांडावं असं मी काही देवाला म्हणत नव्हते, पण भांडण कानावर आलं तर मला वाईटही वाटायचं नाही. निकाल लागला की ट्रॉफ्यांची झुंबड. पुढं लातूरचं बघून नांदेडचे क्लासही वाढले आणि तिकडूनही कामं यायला लागली. स्टिकरवर भागेना म्हणून मशीन घेतलं. ते नांदेडच्याच एका एजन्सीनं बसवून दिलं, आणि काही अडलं की तिथल्या इंजिनिअरला फोन लावायचा असं ठरलं.

त्या मशीनला एक खोड होती. काम संपलं की हेड शेवटचं अक्षर जिथं संपलं तिथंच उभं राहायचं, शीटच्या उरावर. शीट काढायची तर आधी कीबोर्डवरचे बाण दाबून दाबून त्याला कोपऱ्यात न्यायला लागायचं. मोठा बोर्ड असला तर ते चालून जायचं. पण ट्रॉफीच्या पाट्या छोट्या; एक होते न होते तोच दुसरी लावायची. हे काम दादांनी आपणहून अंगावर घेतलं. लेथचं काम तोवर आटतच आलं होतं, कारण शाफ्ट दुरुस्त करून घेण्यापेक्षा लोक नवा पंपच आणायला लागले होते. दादा मशीनजवळ उभे राहायचे, अक्षर संपलं की बाणावर बोट ठेवायचे आणि हेडला हळूहळू कोपऱ्याकडं न्यायचे, संध्याकाळी बैल गोठ्यात नेल्यासारखं. मग म्हणायचे, “गेलं घरी. काढ शीट.”

मी स्टूल आणून ठेवलं तर त्यावर त्यांनी आपली पिशवी ठेवली. लेथवरचा माणूस बसून काम करत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते दिवसभर उभे असायचे आणि मला ते दिसतही नव्हतं, इतकं ते सवयीचं झालं होतं.

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला नेलं, हृदयाच्या नसेत स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, आता दिवसभर उभं राहणं बंद, वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या, घरी बसा. दादांनी सगळं ऐकलं. मीठ कमी केलं. आईनं जन्मभर भांडून जी तंबाखू सुटली नव्हती ती एका दिवसात सोडली. फक्त घरी बसायचं तेवढं काही केल्या मनावर घेईनात. अंगात जरा त्राण आलं तसे एक दिवस मी शेड उघडायच्या आधीच दारात उभे.

“दादा, डॉक्टरनं काय सांगितलंय?”

“आन तुज्या मशीनला घरी कोन आननार? तू बसलीस तिकडं कॉम्प्युटरवर.”

आई म्हणायची, “ह्यांला घराचं वावडंच हाय पहिल्यापासून.” ती हसून म्हणायची, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि ते तिलाही ठाऊक होतं.

भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी वयाची होते. आमचं गाव औशाच्या पलीकडं. आई मला घेऊन अहमदपूरला मामीच्या बाळंतपणाला गेली होती. दादा लातुरात एका डाळमिलच्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळीला होते. गावात आजी, आजोबा आणि काका. आमच्याकडच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड, आणि वर मातीचं माळवद. ते सगळं आहे त्या जागी खाली बसलं. तिघांतलं कुणीच राहिलं नाही. पुढं पत्र्याच्या शेडांच्या वसाहतीत राहायला गेलो तेव्हा तिथं माणसं एकमेकांना आधी एकच विचारायची, “घरी कितीजण होते?” म्हणजे गेले किती, ते विचारायची ती रीत. दादांचं उत्तर ठरलेलं असायचं: “आमी घरी न्हवतो म्हनून वाचलो.” मी ते इतक्यांदा ऐकलं की लहानपणी मला खरंच वाटायचं, घर ही जपून जायची जागा आहे.

मोठी झाल्यावर माझ्या डोक्यातून ते गेलं. दादांच्या डोक्यातून गेलं नाही. सरकारनं नव्या गावात दिलेलं घर त्यांनी चुलतभावाला कडबा ठेवायला देऊन टाकलं. आम्ही लातुरात घर बांधलं तर स्लॅबखाली झोपायला तयार होईनात, म्हणून गच्चीवर त्यांना पत्र्याची खोली काढून दिली. सकाळी चहा झाला की ते बाहेर पडायचे, सणवार असो की नसो. कामावर असलेला माणूस वाचतो, असं काहीतरी त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. हे त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. मला ते कळायचं, आणि कळूनही मला त्यांचा राग यायचा. रागाचं कारण भीती हे होतं. मला वाटायचं, एक दिवस हे त्या मशीनजवळच उभ्याउभ्या कोसळणार आणि आपल्याला शीट कापायच्या आवाजात ऐकूसुद्धा येणार नाही.

म्हणून मी नांदेडच्या इंजिनिअरला फोन केला. म्हटलं, प्रत्येक कामानंतर मशीन आपोआप घरी गेलं पाहिजे, काय करायचं ते सांगा.

“सोपं आहे मॅडम,” तो म्हणाला. “प्रत्येक फाइलच्या शेवटी काही ओळी पडतात ना, त्यातच होमची ओळ टाकून ठेवा. एकदा टाकली की प्रत्येक कामाला येईल. फक्त आधी वर घ्या. आधी वर, मग होम. तेवढं विसरू नका.”

मी म्हटलं, समजलं. आणि मला समजलंही होतं, फक्त वेगळं. फाइलच्या शेवटी तीन ओळी असायच्या: टूल उचल, मोटार बंद कर, काम संपलं. मी होमची ओळ लिहिली ती पहिलीच्या खाली. मग इंजिनिअरचं बोलणं आठवलं, आधी वर घ्या. म्हणून मी ती ओळ उचलली आणि सगळ्यांच्या वर नेऊन ठेवली. वर घेतलं. सांगितल्याबरहुकूम.

टेबलावर नांदेडच्याच एका क्लासचा बोर्ड होता, लालभडक शीट, क्लासचं भलंमोठं नाव. दादा नेहमीसारखे उभे होते. शेवटचं अक्षर झालं आणि टूल न उचलता, आहे तसं शीटमध्ये रुतलेलं, फिरत फिरत, नाकासमोर घराकडं निघालं. सगळ्या नावावरून एक तिरकी रेघ ओढली, चुकलेल्या उत्तरावर सर लोक मारतात तशी. जळकट वास सुटला, टूल कडकन तुटलं, आणि दादांनी लाल बटण दाबलं.

“लईच घाई झाली याला घरी जायाची,” ते म्हणाले.

मी तावातावानं फोन लावला. “अहो, तुम्ही सांगितलं तसं मी वर घेतलं होतं की.”

“काय वर घेतलं होतं?”

“ओळ.”

मग तो फार सभ्यपणे म्हणाला, “मॅडम, टूल वर घ्यायचं. टूल.”

मी फोन ठेवला आणि दादांना सांगितलं, आणि दादा हसायला लागले. मीही हसले. कितीतरी दिवसांत आम्ही दोघं असे हसलो नव्हतो. हसता हसता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. “काय न्हाई गं,” ते म्हणाले, “हसलो म्हनून.” पण मी लगेच बसले आणि ती ओळ खाली घेतली, टूल उचलण्याच्या नंतर.

दुसऱ्या शीटवर सगळं नीट झालं. अक्षर संपलं, टूल वर गेलं, आणि हेड शांतपणे कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. दादांचं बोट तोवर बाणाच्या बटणावर जाऊन पोचलेलं होतं. ते तसंच राहिलं.

“गेलं की गं, आपलं आपन,” ते म्हणाले. मी आणखी पाट्या लावल्या. दर वेळी ते बघत राहिले, दर वेळी ते गेलं. शेवटी त्यांनी स्टुलावरची पिशवी उचलली. “म्हंजी आता मी बी जावं घरी.”

“हो, मग! त्यासाठीच तर केलं,” मी म्हटलं. मी खूश होते. दुपारच्या आत दादा शेडमधून निघालेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

त्यानंतर आईचे फोन सुरू झाले. हे चहा घेतात आणि निघतात, कुठं जातात सांगत नाहीत, दुपारची गोळी राहते, जेवणाचा डबा नेत नाहीत. मला वाटलं, असतील कुठंतरी देवळात, पारावर. एक दिवस नवरा संध्याकाळी घरी आला तो म्हणाला, “दादा अहमदपूरच्या स्टँडवर होते. लातूरच्या गाडीत बसताना दिसले.” विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. दादा रोज सकाळी लातूरहून अहमदपूरची यष्टी धरायचे, तिथं उतरून चहा प्यायचे आणि परतीच्या गाडीत बसायचे. परत आले की पुन्हा निघायचे.

मी चिडले. म्हटलं, “डॉक्टरनं आराम करायला सांगितलाय आणि तुम्ही यष्टीचे धक्के खात फिरताय?”

“डॉक्टर म्हनले बसा,” दादा म्हणाले. “बसलोच व्हतो की. यष्टीच्या शीटवर.”

हसावं की रडावं कळेना. मशीनला घरी पाठवायच्या नादात मी बापाला घरी बसवायला निघाले होते, आणि हा बाप घर सोडून कुठंही बसायला तयार होता. आईनं तर स्पष्टच सांगितलं, “त्यापरीस शेडात व्हते ते बरं. तिथं निदान तू व्हतीस.” मला ते लागलं, कारण ते खरं होतं. पण शेडमध्ये परत बोलवायचं तर कशासाठी? उगीच या म्हटलं असतं तर ते आले नसते. बिनकामाचं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हा त्यांचा जन्माचा हिशेब होता.

मार्ग काढला तो लोडशेडिंगनं. तेव्हा आमच्याकडं दुपारची लाईट जायची ती जायचीच. एक दिवस दादा आपली जुनी छत्री न्यायला शेडवर आले आणि त्याच वेळी लाईट परत आली. माझ्यासमोर एक सर बसले होते, त्यांच्या नावापुढच्या पदव्या कुठल्या अक्षरात घालाव्यात यावर आमचं चाललं होतं. दादांनी मशीनकडं पाहिलं. हेड टेबलाच्या मध्यावर थांबलेलं.

“हे का थांबलं हितं? आपोआप केलंतंस न्हवं?”

मी सांगितलं, लाईट गेली की मशीन आपण कुठं आहोत तेच विसरतं. त्याला घरच माहीत नसलं तर जाणार कुठं? बटण दाबून आधी घर शोधायला लावायचं. ते कोपऱ्यापर्यंत सावकाश जातं, तिथले स्विच टकटक लागले की त्याला कळतं, हे घर. एकदा कळलं की मग दिवसभर आपलं आपण जातं. सर अजून बोलत होते, म्हणून मी दादांना कुठलं बटण ते लांबूनच दाखवलं. त्यांनी दाबलं. हेड निघालं, चाचपडत कोपऱ्यात गेलं, टक, टक, टक झालं आणि थांबलं.

“लाईट तर रोजच जाती,” दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मला अजून आठवतो. छत्री तिथंच विसरून ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ते आले. “गेली व्हती का लाईट?” गेली होती. त्यांनी मशीनला घर दाखवलं, हेड ज्यावर धावतं ते रूळ थोडा वेळ पुसले, स्टुलावर बसून चहा घेतला. स्टुलावर ते त्या दिवशी पहिल्यांदा बसले. मग ते रोजचंच झालं. सकाळी गच्चीवरच्या खोलीत पेपर, वेळेवर जेवण, गोळी, जरा डुलकी, आणि लाईट यायच्या सुमारास शेड. अहमदपूरच्या यष्टीचा नाद सुटला. सोलापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, आता बसताय ना घरी? दादा म्हणाले, “हाव. दुपारपर्यंत.”

पुढं एकदा इंजिनिअर नांदेडहून सर्व्हिसिंगला आला. लाईटचं ऐकून म्हणाला, “मॅडम, हे पण आपोआप होतं. मशीन चालू झालं की स्वतःच घर शोधेल. करून देऊ का?” दादा तिथंच खाली बसून रूळ पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हातातलं फडकं थांबलं.

“नको,” मी म्हटलं. “ते राहू द्या.”

“अहो, काहीच खर्च नाही त्याला.”

“बटण दाबायला माणूस आहे आमच्याकडं.”

इंजिनिअरनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू ही बाई अजून ओळच वर घेतेय. मी त्याला तसंच समजू दिलं. फडकं पुन्हा फिरायला लागलं.

त्यानंतर जे झालं ते मात्र माझ्या हातातलं नव्हतं. लोडशेडिंग बंद झालं. सगळ्या लातूरला बरं वाटलं. आमच्या शेडमध्ये पंचाईत झाली. दादा यायचे, विचारायचे, “लाईट?” मी म्हणायचे, आज नाही गेली. ते जरा टेकायचे, चहाला नको म्हणायचे आणि निघायचे. एक दिवस आलेच नाहीत. संध्याकाळी मी नवऱ्याला काही न विचारता त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यानं नुसती मान हलवली. अहमदपूरचा स्टँड.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी जेवायला जाताना मशीनचा मेन स्विच पाडून जायला लागले. परत आले की चालू करायचा आणि हेडला हात लावायचा नाही. दादा आले की सांगायचं, लाईट गेली होती. त्यांना खोटं सांगताना मला काहीच वाटायचं नाही. ते बटण दाबायचे, हेड चाचपडत कोपऱ्यात जायचं, टक, टक, टक. मग ते माझ्याकडं बघून मान हलवायचे, आणि मी पुढची पाटी लावायचे.

असं बरेच दिवस चाललं. एकदा मशीनला घरी लावून झाल्यावर ते हात पुसत उभे राहिले.

“आज बी गेली व्हती?”

“हो.”

“बाजूची डाळमिल तर चालू व्हती. मी रस्त्यानं येताना आवाज येत व्हता.”

मी कॉम्प्युटरवर पुढची पाटी उघडली. दादांनी फडकं घडी करून जागेवर ठेवलं, स्टुलावरची पिशवी घेतली.

“उद्या बी जाईल का?”

“जाईल की,” मी म्हटलं.

“बरं. येतो मंग,” दादा म्हणाले, आणि घरी गेले.